उपवासाच्या ताटातला जिवाणू

सांगोल्याहून पंढरपूर तिसेक किलोमीटर. आषाढी एकादशीला या सगळ्या मुलखात रताळी उकडली जातात, त्यांच्या किसात शेंगदाण्याचं कूट पडतं आणि वर कपभर चहा होतो. 'जनुकं बदललेलं अन्न' असं नुसतं ऐकलं तरी ज्यांच्या पोटात गोळा येतो, त्यांचाही हा फराळ बिनघोर पार पडतो. गंमत अशी, की त्या रताळ्याच्या पेशीपेशीत एका जिवाणूची जनुकं बसलेली आहेत. ती कुठल्याही कंपनीनं किंवा प्रयोगशाळेनं घातलेली नाहीत. माणसानं रताळं लावायला घेतलं तेव्हापासून, हजारो वर्षं, ती तिथंच आहेत.

हे कळलं ते 2015 साली. पेरूमधल्या लिमा शहरात आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र आहे. तिथले शास्त्रज्ञ रताळ्यावरचे विषाणू शोधत होते, आणि त्यांना रताळ्याच्या डीएनएमध्ये वनस्पतीचा वाटेना असा एक तुकडा दिसला. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या मदतीनं त्यांनी लागवडीच्या रताळ्यांचे 291 नमुने तपासले. तुकडा 291 च्या 291 नमुन्यांत निघाला. रताळ्याच्या जवळच्या रानटी वेलींत मात्र तो नव्हता. म्हणजे हा पाहुणा ज्या वेलात शिरला, नेमकी त्याचीच संतती आपल्या पूर्वजांनी शेतात लावली आणि जगभर नेली. त्यातली काही जनुकं आजही जागी आहेत, काम करतात.

हा पाहुणा म्हणजे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू. त्याची करामत ऐकली की माणसाच्या प्रयोगशाळा नवशिक्या वाटायला लागतात. झाडाला कुठं जखम झाली की तिथून काही रसायनं झिरपतात. जिवाणू त्या खुणेवर येतो, पेशीला चिकटतो, आणि आपल्या डीएनएचा एक तुकडा एका सूक्ष्म नळीतून थेट झाडाच्या पेशीत ढकलतो. तो तुकडा झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. मग झाड स्वतःचंच काम समजून दोन गोष्टी करू लागतं. एक म्हणजे त्या जागी पेशी बेसुमार वाढवतं. गुलाबाच्या किंवा द्राक्षाच्या बुडाशी कधी कधी गाठी दिसतात त्या या. दुसरी गोष्ट जास्त बेरकी आहे. झाड एक असं खाद्य तयार करू लागतं जे झाडाला कशाच्याच कामाचं नाही, पण या जिवाणूला पचतं. दुसऱ्याच्या शेतात आपलं पीक काढायचं, खत-पाणी त्याचंच वापरायचं, आणि त्याला पत्ताही लागू द्यायचा नाही. हे चालतं याचं कारण एवढंच, की जिवाणू, वेल, अळी, म्हैस आणि माणूस या सगळ्यांची जनुकं एकाच चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली आहेत. लिहिणारा कुणीही असो, वाचणाऱ्याला वाचता येतं.

माणसानं ही कला या जिवाणूकडूनच उचलली. 1974 साली गेंटमध्ये जेफ शेल आणि मार्क व्हॅन मॉन्टेग्यू यांना गाठी आणणारं त्याचं डीएनएचं कडं सापडलं. त्यातला एक तुकडा खरोखरच झाडात जातो, हे 1977 मध्ये अमेरिकेत मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. मग विचार सोपा होता. गाठ आणणारी जनुकं काढून टाकायची, आपल्याला हवं ते जनुक त्या जागी बसवायचं, वाहतूक जिवाणू करेल. 1983 पर्यंत तशी रोपं तयार झाली. ज्या गावात माणूस ही युक्ती शिकला, त्याच गावच्या विद्यापीठानं चाळीस वर्षांनी सांगितलं की निसर्गानं ती कधीच वापरून ठेवलीय.

रताळं एकटं नाही. 2019 साली शास्त्रज्ञांनी शेकडो वनस्पतींच्या डीएनएत या जिवाणूच्या खुणा शोधल्या. यादीत भुईमूग निघाला, चहा निघाला, केळं निघालं. एकादशीचं ताट जवळजवळ पुरं झालं की! भुईमुगाची तर आणखी एक गोष्ट आहे. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर किरणोत्सर्गाचा मारा करून नवे वाण काढण्याचं काम अनेक दशकं चालू आहे. अशा वाणांच्या संकरातून, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या जोडीनं निघालेला टीएजी-24 हा भुईमूग 1991 पासून महाराष्ट्रात पेरला जातो. किरणांनी बियाण्याच्या डीएनएत कुठं, किती आणि काय बदल होईल हे आधी सांगता येत नाही. बदललेल्या हजारो रोपांतून चांगलं ते निवडायचं, एवढंच हातात असतं. त्यावर मोर्चा निघाला नाही, पुडीवर लेबल लागलं नाही, आणि शेंगा भाजून सगळ्यांनी खाल्ल्या.

तेव्हा 'एका जातीचं जनुक दुसऱ्या जातीत गेलं म्हणजे विपरीत घडलं' ही भीती मला फार टिकणारी वाटत नाही. पण एवढं वाचून कुणी 'मग लोक उगाच ओरडतात' असं म्हणणार असेल, तर त्याला सांगोल्याच्या गोठ्यात न्यायला हवं. तिथले प्रश्न वेगळे आहेत, आणि जास्त शहाणे आहेत.

भारतात आज ज्याच्या लागवडीला पूर्ण परवानगी आहे असं जनुकबदलाचं पीक एकच, ते म्हणजे बीटी कापूस. सांगोला हा काही कापसाचा तालुका नव्हे. इथं डाळिंब, ज्वारी, बाजरी, मका, गाई-म्हशी आणि धनगरांच्या मेंढ्या. तरी कापूस इथं दोन वाटांनी पोचतो. एक वाट इथले माजी आमदार गणपतराव देशमुख यांनी उभ्या केलेल्या शेतकरी सहकारी सूतगिरणीची; ज्या तालुक्यात कपाशी पिकत नाही तिथं ती नावारूपाला आली, याचं कौतुक अजून होतं. दुसरी वाट गव्हाणीची. दुभत्या जनावराला सरकी पेंड लागते. देशातल्या कपाशीच्या नव्वद टक्क्यांहून जास्त क्षेत्रावर बीटी कापूस असतो, म्हणजे ही सरकीही त्याचीच. सरकीचं तेल फरसाणच्या कढईत जातं, पेंड गव्हाणीत येते, दूध डेअरीला जातं. 'आपल्याकडं जनुकबदलाचं, म्हणजे जीएम खाद्यपीक लावायला पूर्ण परवानगी नाही' हे वाक्य कागदावर खरं आहे. गव्हाणीत उभं राहून ते म्हणताना जरा चाचरायला होतं.

मग दुधातून काही येतं का? उत्तरासाठी आधी बीटी म्हणजे काय ते पाहावं लागेल. तोही जिवाणूच, बॅसिलस थुरिंजेन्सिस. 1901 साली जपानमध्ये इशिवाता यांना तो रेशीमकिडे पटापट मारणाऱ्या रोगात भेटला. 1911 मध्ये जर्मनीतल्या थुरिंजिया प्रांतात बर्लिनर यांना पिठातल्या पतंगाच्या अळ्यांत पुन्हा सापडला, आणि त्या प्रांताचं नाव त्याला चिकटलं. हा जिवाणू आपल्या पेशीत एका प्रथिनाचा स्फटिक धरून बसतो. स्फटिक म्हणून तो निरुपद्रवी. अळीचं आतडं मात्र आपल्या जठराच्या अगदी उलट, चुन्याच्या निवळीसारखं अल्कधर्मी असतं. त्या रसात स्फटिक विरघळतो, अळीचेच पाचक रस प्रथिनाचं शेपूट कापून त्याला धार लावतात, आणि मग ते आतड्याच्या अस्तरावरच्या ठरावीक रेणूंना जाऊन चिकटतं. अस्तराला भोकं पडतात. अळी खाणं सोडते, दोन-तीन दिवसांत मरते. आपल्या पोटात आम्ल आहे, आणि चिकटायला ते रेणूच नाहीत. हे प्रथिन आपल्याला बाकी कुठल्याही प्रथिनासारखं पचतं. सेंद्रिय शेतीवालेही बीटीची पावडर फवारतात, तिला तिथं मान्यता आहे. फरक एवढाच की फवारलेलं उन्हा-पावसात उडून जातं आणि बीटी कपाशीत ते झाड स्वतःच हंगामभर तयार करत राहतं. या 'एवढाच'मध्ये पुढचं सगळं रामायण आहे.

दुधाचं म्हणाल तर कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत गाईंना बीटी सरकी चारून दूध तपासलं गेलं; ते प्रथिन दुधात सापडलं नाही. तेलाची शंका आणखी लवकर मिटते, कारण शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ उरतच नाही. मेंढ्यांची शंका मात्र इतकी झटपट मिटली नाही. 2006 च्या सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या वरंगळ भागात, वेचणी झालेल्या बीटी कपाशीच्या रानात चरलेल्या मेंढ्या मोठ्या संख्येनं दगावल्याची मेंढपाळांची तक्रार होती. केंद्राच्या समितीनं बीटीचा संबंध मान्य केला नाही. पाल्यातलं नायट्रेट आणि फवारलेल्या कीटकनाशकांचे अंश यांच्याकडे बोट गेलं. विज्ञानाच्या अंगानं ते पटण्यासारखं आहे. पण कळप घेऊन रानोमाळ हिंडणाऱ्या माणसाला 'बीटीनं नाही, औषधानं मेली' हे उत्तर पुरत नाही. त्याची मेंढी मेलीच. परवानगी देताना मेंढ्या त्या पाल्यावर चरणार आहेत हे कुणी धरलं होतं का, असा त्याचा सवाल आहे आणि तो रास्त आहे.

आता अळीकडं वळू, कारण या सगळ्या गोष्टीत सर्वांत हुशार तीच निघाली.

26 मार्च 2002 रोजी बीटी कापसाला परवानगी मिळाली. तंत्रज्ञान मॉन्सँटोचं, बियाणं जालन्याच्या महिकोचं. महिको ही बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली उभी केलेली कंपनी. त्यांना 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला होता. सुरुवातीची वर्षं बोंडं स्वच्छ राहिली, फवारण्या कमी झाल्या, कापूस वाढला. हे नाकारण्यात अर्थ नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी हे बियाणं कुणाच्या धाकानं घेतलेलं नव्हतं. पण 450 ग्रॅमच्या पिशवीला सोळाशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत, आणि त्यातला मोठा हिस्सा त्या एका जनुकाच्या हक्काचा होता. आंध्र सरकार 2006 मध्ये मक्तेदारी आयोगाकडे गेलं, तेव्हा कुठं दर साडेसातशेवर आला. 2006 मध्येच दोन जनुकांचं बियाणं आलं. आणि मग शेंदरी बोंडअळीनं दोन्ही पचवली. पहिल्या जनुकाला ती बधत नाही हे गुजरातेत 2009 च्या सुमारास दिसलं. 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कपाशीची तिनं धूळधाण केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारणी कमी व्हावी म्हणून आणलेलं पीक, आणि त्याच्याच रानात ही माणसं!

अळीनं हे केलं कसं? कोट्यवधी अळ्यांत एखादी अशी असतेच जिच्या आतड्यातले ते रेणू जरा वेगळे असतात. बीटी तिला मारू शकत नाही. बाकीच्या मेल्या की रान तिचं. शास्त्रज्ञांना हे आधीपासून माहीत होतं आणि त्यांनी तोड काढली होती. शेताच्या कडेला थोडी साधी, बीटी नसलेली कपाशी लावायची. तिथं साध्या अळ्या सुखानं वाढतील, त्यांचे पतंग होतील, आणि एखाद्या चिवट पतंगाला जोडीदार मिळाला तर तो या साध्यांपैकीच मिळेल. चिवटपणा दोन्ही पालकांकडून आला तरच पुरता उतरतो. एका बाजूनं आला तर पिल्लं बीटीवर मरतात. आपली पिकं वाचवण्यासाठी शत्रूलाच थोडं रान राखून ठेवायचं! या युक्तीपुढं मी दर वेळी थबकतो. प्रत्येक पिशवीसोबत 120 ग्रॅम साध्या सरकीची वेगळी पुडी यायची ती यासाठी. ती बहुतेकांनी बांधावर फेकली. दोन-तीन एकरांच्या धन्याला काही तासं अळीला सोडायला सांगणं सोपं नव्हतं, आणि का सोडायचं हे बांधावर येऊन समजावणारा माणूस तर नव्हताच.

त्यात आपल्याकडं आणखी एक घडलं. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलियात बीटी हे मुख्यतः सरळ वाणांत घातलं गेलं. भारतात ते संकरित बियाण्यात आलं, म्हणजे दर वर्षी नवं विकत घ्यावं लागेल अशा. संकरित झाडाला हे जनुक एकाच पालकाकडून मिळतं, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरक्यांपैकी सुमारे पाव भागात जनुक नसतंच. बोंडअळी खाते ती नेमकी सरकी. एकाच बोंडात काही दाणे विषारी, काही साधे. अळीला बीटीशी जुळवून घ्यायची जणू शिकवणीच. वर, भाव बरा असला की कपाशी डिसेंबरनंतरही राखायची, फरदड घ्यायची. अळीला बारमाही घर मिळालं.

आता दुसरं टोक पाहा. हीच शेंदरी अळी अमेरिकेतही होती, आणि तिच्यावर बीटीही हीच होती. तिथल्या कपाशीपट्ट्यात आधी साध्या कपाशीची रांग काटेकोर राखली. नंतर किरणांनी नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडले. ऑक्टोबर 2018 मध्ये अमेरिकी सरकारनं ही अळी देशातल्या कपाशीतून नाहीशी झाल्याचं जाहीर केलं. आपल्याकडं तिनं हाहाकार माजवला त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. कीड तीच, जनुकं तीच. बियाणं कुठल्या रूपात विकलं, शेतकऱ्याला काय समजावलं आणि देखरेख कुणी ठेवली, यानं निकाल फिरला. जीएमबद्दल बोलताना नुसतं जनुकाचं चारित्र्य तपासणारे, मग ते बाजूचे असोत की विरोधातले, ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

वांग्याच्या वेळी लोक आधीच सावध होते. कापूस अंगावर घालायचा, वांगं पोटात जायचं. महिकोच्या बीटी वांग्याला 14 ऑक्टोबर 2009 रोजी केंद्राच्या समितीनं हिरवा कंदील दाखवला. पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो तिथंच अडवून देशात सात ठिकाणी जाहीर सुनावण्या घेतल्या. महाराष्ट्रात नागपूरला झाली. शास्त्रज्ञ, शेतकरी, ग्राहक, बियाणंवाले एकाच सभागृहात एकमेकांवर ओरडले. 9 फेब्रुवारी 2010 रोजी रमेश यांनी बीटी वांगं स्थगित केलं. ती स्थगिती आजही उठलेली नाही. तेच वांगं बांगलादेशनं 2013 मध्ये मान्य केलं आणि 2014 पासून तिथले शेतकरी ते लावतात.

त्या वेळच्या हरकतींपैकी 'खाल्ल्यानं काय होईल' ही सगळ्यात मोठ्यानं ऐकू आली. मला दुसऱ्या दोन जास्त वजनदार वाटतात. पहिली ही की चाचण्या कंपनीनंच करायच्या, आणि त्यांची कागदपत्रं लोकांना पाहायला मिळावीत म्हणून माहितीच्या अधिकाराखाली भांडावं लागायचं. दुसरी मातीतली आहे. वांगं ही भारताची उपज. मांजरी गोटा, जळगावचं भरिताचं वांगं, कृष्णाकाठचं वांगं; दर शे-दोनशे किलोमीटरवर रंग, काटा आणि चव बदलते. हे वाण गावोगावच्या बायांनी आणि माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी राखून घडवले. धारवाडच्या कृषी विद्यापीठानं बीटी जनुक ज्या स्थानिक वाणांत घातलं त्यात मांजरी गोटाही होता. ते घेताना जैवविविधता कायद्याप्रमाणे परवानगी घेतली नव्हती अशी तक्रार झाली, आणि 2011 मध्ये राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणानं कायदेशीर कारवाईचं पाऊल उचललं. घातलेल्या जनुकावर मालकी सांगता येते. ज्या वांग्यात ते घातलं, त्या वांग्याचे मालक कोण?

उलट बाजूचाही आवाज महाराष्ट्राचाच आहे. 10 जून 2019 रोजी अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथं शेतकरी संघटनेनं तणनाशक सहन करणारी, परवानगी नसलेली कपाशी सत्याग्रह म्हणून उघडपणे पेरली. तेव्हा पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकत होता, हे ठाऊक असून पेरली. खुरपणीला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, तंत्रज्ञान निवडण्याचा हक्क आमचा, असं त्यांचं म्हणणं. खुरपणीवरच जिचं घर चालतं त्या बाईला मात्र त्या दिवशी कुणी विचारलं नाही. आणि चोरट्या बियाण्याचं लेबल काय, उगवण काय, फसलं तर भरपाई कुणाकडं मागायची, या प्रश्नांना सत्याग्रहाकडंही उत्तर नव्हतं.

हे सगळं सांगोल्याच्या बांधावर कधी येईल? मला वाटतं, डाळिंबाच्या रूपानं येईल. सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या बागांत आहे तो मुख्यतः भगवा, राहुरीच्या कृषी विद्यापीठानं गणेश आणि गुल-ए-शाह रेड यांच्या संकरातून निवडलेला. भगव्याचं रोप बियांपासून करत नाहीत, गुटी कलमानं करतात. म्हणजे माळामाळावरची ही लाखो झाडं जनुकांच्या हिशेबानं जवळजवळ एकच झाड आहे! फळ एकसारखं लाल मिळतं याचं कारण तेच, आणि तेल्या हा जिवाणूचा रोग आला की एका बागेतून दुसरीत सरसर जातो यालाही तेच कारणीभूत. वर रोगट झाडाच्या गुटीतून रोग आयताच नव्या बागेत येतो. तेल्या, मर आणि खोडाला सुईएवढी भोकं पाडणारा भुंगेरा यांनी गेल्या काही वर्षांत सांगोला-आटपाडी पट्ट्यातल्या कितीतरी बागा कुऱ्हाडीखाली घातल्या.

सोलापूरला 2005 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रानं 2017 मध्ये 'सोलापूर लाल' हा वाण दिला. शंभर ग्रॅम दाण्यांत 5.6 ते 6.1 मिलिग्रॅम लोह, म्हणजे गणेशच्या जवळजवळ दुप्पट. हा वाण साध्या संकराचा आहे. त्याच्या आजे-पणज्यांत नाना हे शोभेचं बुटकं डाळिंब आहे आणि दारू हे हिमालयाच्या उतारावरचं आंबट रानडाळिंबही. परागकण कुंचल्यानं लावायचे, रोप फळावर यायला तीन वर्षं थांबायचं, निवडायचं, पुन्हा लावायचं. तेल्याला दाद न देणारं डाळिंब या वाटेनं मिळवायचं तर एका शास्त्रज्ञाची उमेद अपुरी पडावी.

जनुकं बदलून फळबाग वाचवल्याचं उदाहरण जगात आहे. हवाई बेटावरच्या पुना भागात 1992 मध्ये पपईवर रिंगस्पॉटचा विषाणू आला. पानं पिवळी, फळावर गोल चट्टे. आपल्याकडच्या पपईवाल्यांना हा चांगला ओळखीचा. हवाईतच जन्मलेल्या डेनिस गोन्साल्विस यांनी त्या विषाणूच्याच आवरणाचं एक जनुक पपईत घातलं, आणि पपई विषाणूला आधीच ओळखून त्याचा निरोप फाडून टाकू लागली. 1998 मध्ये 'रेनबो' पपईचं बी शेतकऱ्यांना फुकट वाटलं गेलं. पिशवीमागे हक्काचे पैसे नाहीत, परवाने उत्पादकांच्या समितीनं मिळवलेले. बागा उभ्या राहिल्या. तरी जपाननं हे फळ डिसेंबर 2011 पर्यंत घेतलं नाही, आणि सेंद्रिय पपईवाले परागकण उडून येतील म्हणून रागावलेले राहिले. सांगोल्यातून युरोपला डाळिंब पाठवणाऱ्याला यातलं काहीच नवं वाटणार नाही. औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला की माल कसा अडतो हे त्याला माहीत आहे. तिथला ग्राहक बिचकला तर प्रयोगशाळेचा अहवाल त्याचा कंटेनर सोडवायला जात नाही.

आता नवं तंत्र आलंय ते जनुक संपादनाचं. यात बाहेरचं जनुक आणायचंच नाही. झाडाच्या स्वतःच्या डीएनएत नेमक्या जागी एक-दोन अक्षरं बदलायची. संत्रावर्गीय झाडांना खैऱ्या हा रोग आणणारा जिवाणू तेल्याच्या जिवाणूचा चुलतभाऊ, दोघंही झँथोमोनास कुळातले. खैऱ्याचा जिवाणू झाडाचं जे जनुक आपल्या सोयीसाठी चालू करतो, त्यातच असा बदल करून खैऱ्याला तोंड देणारी ग्रेपफ्रूटची रोपं शास्त्रज्ञांनी केलीत. भारतानं मार्च 2022 मध्ये अशा साध्या संपादनाला जीएमच्या कडक नियमांतून वगळलं, आणि 4 मे 2025 रोजी संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले, हैदराबादचा 'कमला' आणि दिल्लीचा 'पुसा डीएसटी राइस 1'. उद्या असं डाळिंब आलं तर त्याला जुन्या सुनावण्यांची चाळणी लागणार नाही. काहींना हीच मोठी सोय वाटते, काहींना हीच मोठी धास्ती. मी मधे कुठंतरी आहे. तंत्र मला भुरळ घालतं, पण डीएनए कापणाऱ्या त्याच्या कात्रीवर पेटंट कुणाचं आणि गुटी बांधून शेजाऱ्याला रोप द्यायची मुभा राहील का, हे विचारल्याशिवाय माझं मन मोकळं होत नाही.

तोवर भाबडेपणाचा धंदा चालूच राहील. टिश्यू कल्चरचं रोप म्हणजे जनुक बदललेलं रोप, असा समज बागायतदारांत आढळतो, आणि तो खोटा आहे. ते फक्त निर्जंतुक बाटलीत वाढवलेलं कलम. उलट 'परदेशी, जीन बदललेलं, तेल्या येतच नाही' असं सांगून महाग रोप गळ्यात मारणाराही भेटू शकतो. जनुकबदलाच्या एकाही डाळिंबाला आज भारतात परवानगी नाही. नर्सरीत असं काही कानावर आलं तर रोप कुठल्या केंद्राचं, मातृवृक्ष कुठं आहे, निरोगी असल्याचा दाखला कुणाचा, हे आधी विचारा, पक्कं बिल लेखी घ्या, आणि शंका असेल तर सोलापूरच्या डाळिंब केंद्राला विचारल्याशिवाय एकही खड्डा भरू नका.